उचलू नको

गोदूआत्या ती गोष्ट सांगायला लागली की मृणाल उठून मागच्या पडवीत जायची. बाबा गेल्यापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला आत्या ती गोष्ट सांगत होती. आधी रेवदंड्यातली माणसं येऊन गेली, मग चौलची, मग अलिबागची. आत्याच्या सासरची, बोर्ली पंचतनची मंडळी तर गाडी भरून आली. प्रत्येकासाठी गोष्ट पहिल्यापासून सुरू व्हायची आणि रडूही ठरल्या जागीच यायचं.

"वाडीत पंपापाशी पडला माझा दिना. अर्धं अंग गेलेलं. पर फोन मुठीत व्हता. सदानं बघितला, फोनवर हिचं नाव व्हतं. बायकोला लावीत व्हता बिचारा. ती तिकडं सिंगापूरला. वाजला, वाजला... हिनं उचलला न्हाय."

इथे आत्या थांबायची. मग ऐकणारी बाई हळूच आईकडे बघायची. आई भिंतीला टेकून सतरंजीवर बसलेली असायची. ती मान हलवायची नाही, डोळे पुसायची नाही, काही म्हणायची नाही. मृणालचा धाकटा भाऊ हर्षद दाराजवळच्या खुर्चीत बसलेला असायचा आणि नेमका त्याच वेळी त्याला आपल्या फोनमध्ये काहीतरी बघायचं असायचं.

आई सिंगापूरला गेली होती ती सुनेच्या, रचनाच्या बाळंतपणासाठी. हर्षद तिथे जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला. आई निघायची ठरली तेव्हा सगळ्यात जास्त चर्चा झाली ती तिच्या फोनची. नंबर बंद करून चालणार नव्हतं, बँक आणि गॅस सगळं त्यालाच जोडलेलं. चालू ठेवावा, तर परदेशात फोन उचलणाऱ्यालाच भुर्दंड. इकडून लावणाऱ्याला काही पडत नाही, पण तिकडे उचलला की मिनिटामिनिटाला पैसे कापले जातात. नुसता वाजला आणि उचलला नाही, तर मात्र फुकट.

हे शेवटचं कळलं तेव्हा बाबा खूश झाले. त्यांचा सगळा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये, एकेक नट सही घेऊन देण्यात गेलेला. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन होता, व्हॉट्सअ‍ॅप वगैरेची भानगड त्यांना नको होती. त्यांनी नियम घालून दिला. सकाळी वाडीला पाणी लावून झालं की ते आईच्या नंबरावर एक रिंग देऊन कापणार. म्हणजे मी ठीक आहे. मग आई एक रिंग देणार. म्हणजे इकडेही ठीक. उचलायचं कुणीच नाही. रिक्षास्टँडवर बसून ते लोकांना सांगायचे, "सिंगापूरशी रोज बोलणं होतं आमचं. दमडी खर्च न करता."

म्हणूनच त्यांच्या फोनवर शेवटचा लावलेला नंबर नेहमी आईचा असायचा. मृणाल पेणला कॉलेजात शिकवायची, दीड तासावर. पण तिला ते फोन करत नसत. संध्याकाळी तीच करायची. त्या फोनचं हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर लागतो. एका हाताने, न बघता, तेवढंच जमण्यासारखं होतं. कुंपणापलीकडच्या सदाचा नंबरही त्यात होता, पण तो शोधावा लागला असता.

मृणालला आत्याचा राग येत होता. त्या रागात एक सोय होती. आत्या समोर असायची, मोठ्याने बोलायची, आणि चुकीचं बोलायची. दुपारी जरा माणसं पांगली तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली. आई ताटात तांदूळ घेऊन निवडत होती.

"तू आत्याला काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू? उचलला नाही, हे खरंच आहे."

"रोजच उचलायची नाहीस. बाबांनीच ठरवलेलं ना?"

आईने एक खडा काढून बाजूला ठेवला. "रोजची रिंग सकाळीच येऊन गेली होती."

"म्हणजे?"

"हा नंतरचा. दवाखान्यात होतो आम्ही, बाळाला टोचायला नेलेलं. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा वाजायला लागला. मी उचलायला गेले."

"मग?"

"मग काही नाही. ते सूप दे इकडे."

"आई."

आई तांदळात बोटं फिरवत राहिली. आवाज तिने अजिबात चढवला नाही. "हर्षद म्हणाला, उचलू नको, बाबा कापायला विसरलेत, उगाच पैसे जातील. मी म्हटलं, दोनदा कसे विसरतील? तर त्यानं माझ्या हातातून फोन घेतला, आवाज बंद केला नि स्वतःच्या खिशात टाकला. नंतर बाळ रडायला लागलं. त्यात राहून गेलं."

मृणालने सूप दिलं नाही. हातातच धरून ती उभी राहिली. "आणि तो बाहेर बसून हे सगळं ऐकतो?"

"मीच सांगितलंय त्याला, बोलू नकोस म्हणून. त्याच्या पदरात तान्ही पोर आहे. लोक त्याच्या तोंडाला काळं फासतील. माझं काय, मी ऐकून घेईन. तू यात पडू नकोस."

हर्षद वाडीत होता. पंप सुरू करून पाटाने जाणाऱ्या पाण्याकडे बघत उभा होता. पायात बाबांच्याच रबरी चपला.

"पोफळी सुकल्यात," तो तिला बघून म्हणाला. "कुणी पाणी लावलेलं नाही."

"आईनं सांगितलं मला."

काय सांगितलं, हे त्याने विचारलं नाही. एकदम म्हणाला, "मी पॅक टाकला होता तिच्या फोनवर. निघायच्या आधीच. त्यात येणारे कॉल फुकट होते, ताई. बाबांनी रद्द करायला लावला. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, कंपन्यांना पोसायला तू मोठा साहेब लागून गेलास."

हे खरं असणार. वाक्य बाबांचंच होतं, त्यातला 'साहेब' सुद्धा. क्षणभर मृणालला बाबांचाच असा काही राग आला, की ते तिथे पंपापाशी उभे असते तर तिने त्यांना खडसावलं असतं. कुणाचे पैसे वाचवत होतात, आणि कशासाठी? पण त्यांची राख खाडीच्या मुखाशी सोडून झाली होती. भांडायला समोर हर्षदच होता.

"तुझ्याकडे तिकडचा नंबर होता," ती म्हणाली. "त्यावरून परत लावायला काय झालं होतं?"

"संध्याकाळी सदाच्या फोनवर लावणार होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून. नेहमी तसंच करतो."

"सदा त्या वेळी घरीच होता. जेवत होता."

"माहितेय."

"आईनं उचलला असता, ते नुसते घरघरले असते तरी तिला कळलं असतं. तिनं सदाला पळवलं असतं."

"माहितेय म्हटलं ना! आणि डॉक्टर म्हणाला की तरीही काही—"

"डॉक्टरचं राहू दे. फोन तू काढून घेतलास, त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही. तुला कळलं नाही. कुणालाच कळलं नसतं. पण तू रोज त्या खुर्चीत बसतोस आणि आत्या आईला सोलते ते ऐकतोस."

"आईच म्हणाली, बोलू नकोस."

"ती म्हणणारच. तू शाळेची काच फोडलीस तेव्हाही ती म्हणाली होती, वाऱ्यानं फुटली."

हर्षदने पाटातला पाला पायाने बाजूला केला. "सांगून काय होणारे? बाबा परत येणारेत का? तेराव्याला सगळे आपापल्या घरी जातील, मग कोण बोलायला येतंय? आणि आईला मी परत घेऊनच जाणारे. या वेळी व्यवस्थित पॅक टाकतो तिला."

मृणालने विचारलं, "कुणाचा फोन येणारे तिला आता तिकडे?"

तो पुढच्या पोफळीला पाणी वळवायला वाकला. पंप आवाज करत राहिला.

संध्याकाळी किहीमहून दयारामकाका आले, बायकोला घेऊन. कारखान्यात बाबांच्या बरोबरचे, आजारपणामुळे आधी येऊ शकले नव्हते. ते टेकून बसतात न बसतात तोच आत्याने पदर डोळ्यांना लावला. मृणाल या वेळी पडवीत गेली नाही. आईच्या शेजारी सतरंजीवर बसून राहिली आणि पहिल्यांदाच सगळं शेवटपर्यंत ऐकलं. पंप, अर्धं अंग, मुठीतला फोन.

"वाजला, वाजला... हिनं उचलला न्हाय."

काकूंनी आईकडे बघितलं. हर्षदने खिशातून फोन काढला.

"हर्षद, तो खाली ठेव," मृणाल म्हणाली. "आणि पुढचं तू सांग."

"पुढचं काय?" आत्याने विचारलं. "त्याला काय सांगायचं हाय?"

आईने मृणालचा हात दाबला. जोरात. मृणालने तो सोडवला नाही, पण नजरही भावावरून काढली नाही. शिकवताना वर्गात कुणी उत्तर देत नसलं की ती जशी थांबून राहायची, तशीच थांबली. दयारामकाका अवघडून छताकडे बघायला लागले. हर्षदने एकदा दाराकडे पाहिलं, पण दारात काकांच्या चपला आणि पिशव्या होत्या.

"आई उचलत होती," तो शेवटी म्हणाला. वाक्य नीट बाहेर येईना. "मी... मीच म्हटलं उचलू नको. तिच्या हातातून घेतला फोन. आवाज बंद केला. मला वाटलं, बाबा कापायला विसरले."

मृणालला वाटलं, आता होईल. इतके दिवस जे आईच्या अंगावर पडत होतं, ते आता त्याच्या अंगावर पडेल. आणि खरं सांगायचं तर ती त्याची वाट बघत होती.

आत्या सरकत सरकत खुर्चीपाशी गेली. हर्षदच्या गुडघ्यावर तिने हात ठेवला.

"अरं पोरा," ती म्हणाली, "तुला काय ठाव? परदेशातला फोन तो, किती पैसं जात्यात कोण जाणं. तू आपला घराचा इचार केलास. नको रं मनाला लावून घेऊ."

"नशिबाचा भाग," दयारामकाका म्हणाले. "तुझी त्यात काय चूक, बाबा?"

"किती सुकलाय पोरगा," काकू म्हणाल्या. "त्याला पाणी द्या कुणीतरी."

एवढंच. पेला भरून येईपर्यंत सगळं मिटलं होतं. आत्या त्याची पाठ थोपटत होती आणि तो मान खाली घालून रडत होता, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, मोकळं. त्याच्या रडण्यात खोटं काही नव्हतं, हे मृणालला दिसत होतं. त्यामुळे तिचा संताप कमी झाला नाही. तिने बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या आधी शेजारून आवाज आला.

"वन्सं, मग मला ठाऊक होतं का?"

आत्याचा हात हर्षदच्या पाठीवर थांबला. "काय म्हणालीस, किशोरी?"

"तो लेक, त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं?" आईचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त ती भिंत सोडून ताठ बसली होती. "इतके दिवस तुम्ही दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंत. मी म्हटलं सांगू देत, पोरावर येण्यापेक्षा माझ्यावर येऊ दे. मला वाटत होतं, त्याचं कळलं तर तुम्ही त्याला फाडून खाल. तुम्ही तर त्याला पाणी दिलंत."

"अगं, तसं न्हाय ते—"

"तसंच आहे."

काकूंनी पिशवी जवळ ओढली. दयारामकाका म्हणाले, निघायला हवं, काळोख व्हायच्या आत. मृणाल सवयीने चहा टाकायला उठू लागली, तर आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"पाहुण्यांनी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," आई म्हणाली. "वन्सं करतील आज."

आत्याने एकदा मृणालकडे बघितलं, एकदा हर्षदकडे. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. आल्यापासून ती बाहेरच्या खोलीतच बसून होती. आतून एकेक डबा उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज यायला लागला. साखर कुठल्या डब्यात असते, ते तिला कुणी सांगितलं नाही.