अर्धी भुवई

टक्.

एवढासाच आवाज. प्लास्टिकचं झाकण फरशीवर पडावं, दोनदा उडावं आणि कोपऱ्यात जाऊन गप्प बसावं, तसा. एरवी त्या घरात तो कुणाला ऐकूही आला नसता. पण गेली वीस मिनिटं घर शांत होतं, आणि ज्या घरात सहा वर्षांची मुलगी जागी आहे तिथल्या शांततेवर शहाण्या आईनं खूश व्हायचं नसतं. ती झाली होती. सोमवार, पार्लर बंद, आठवड्यातली एकुलती एक सुट्टी. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाला टेकून तिनं पाय पसरले होते आणि हातातल्या मोज्याचा जोडीदार कुठे गेला याचा विचार डोळे मिटून चालवला होता.

"भिंगरे, काय पडलं गं?"

"काही नाही."

न्हाणीघरातून आलेलं ते "काही नाही" इतकं मधाळ होतं की ती मोजा टाकून उठलीच.

भिंगरी उपड्या बादलीवर उभी होती, आरशासमोर. डाव्या हातानं नळ धरलेला, उजव्या हातात आईच्या कामाच्या पेटीतला तो छोटा गुलाबी रेझर. त्याचं झाकण मोरीपाशी पडलेलं. आणि डावी भुवई नाकापासून छान निघाली होती, दाट, काळी, ऐटीत. ती डोळ्याच्या मध्यावर येऊन एकदम संपली होती, अर्ध्यात सोडून दिलेल्या पुलासारखी. पुढे नुसतंच कपाळ.

तिनं आधी रेझर काढून घेतला, मग हनुवटी धरून पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं. कापलेलं नव्हतं. रक्त नव्हतं. एवढी खात्री झाल्यावर तिला ओरडायची मोकळीक मिळाली.

"कोणी सांगितलं तुला हे? कोणी?"

का केलंस, असं तिनं विचारलंच नाही. का ते तिला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. फक्त गुन्हेगाराचं नाव हवं होतं. कारण ही पोर जन्मली तीच मुळी या भुवया घेऊन. नाकावर जवळजवळ एकमेकींना भेटलेल्या, एवढ्याशा तोंडावर एवढ्या मोठ्या. बघायला आलेल्या कुणीतरी पाळण्यात वाकून म्हटलं होतं, "मुलीला अशा? बरं, तुझ्या हातातलंच काम आहे म्हणा!" बाळंतिणीनं पडल्या पडल्या तेव्हाच ठरवून टाकलं होतं की या चेहऱ्याबद्दल या घरात कुणी वाकडा शब्द काढायचा नाही. ती स्वतः आठवड्याचे सहा दिवस दाताखाली दोरा धरून बायकांच्या कपाळांवर वाकलेली असायची. "ताई, इथं जरा जास्त आहे का हो?" "आहे थोडं. काढू?" हेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात इतका हलका की बायका तिच्यासाठी थांबून राहायच्या. पण ते "जरा जास्त" तिनं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, चिखलाच्या चपलांसारखं. सहा वर्षं. आणि आज कुणीतरी चपला घालून थेट न्हाणीघरापर्यंत आलं होतं.

"सांग. कोणी?"

भिंगरीनं खालचा ओठ बाहेर काढला. "आत्याच्या मोबाइलमध्ये होतं."

झालं. आत्या!

आत्या म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, मोबाइलच्या दुकानात कामाला होती, आणि जगात निघालेली कुठलीही फॅशन दुसऱ्या कुणाकडे जाण्याआधी हिच्या दारावर थाप मारायची. मध्यंतरी तिनं बोटभर लांब नखं लावून घेतली, तर दुकानात सिमकार्ड उचलता येईना. चार दिवस गिऱ्हाइकं आपापलं सिम आपल्याच हातानं घालत होती आणि ही समोर बसून सूचना देत होती. जमीन झाडणाऱ्या विजारी आल्या तेव्हा एक पाय स्कूटरच्या चाकात गेला, आणि त्या दिवशी फॅशनसकट हिलाही सोडवून आणायला भाऊ धावला.

तिनं फोन लावला.

"बोल वहिनी, पटकन. गिऱ्हाईक आहे समोर."

"गिऱ्हाइकाला म्हणावं, जीव प्यारा असेल तर पळ. तू माझ्या पोरीला काय दाखवलंस?"

"काय दाखवलं?"

"भुवया कापायचं."

"अगं, ते होय!" आत्या हसलीच. "भुवईत एक बारीक चीर पाडतात, एवढीशी. सध्या सगळे करतात. का गं, काय झालं?"

"अर्धी भुवई गेली, हे झालं! सहा वर्षांची आहे ती. उद्या शाळेत वर्गाचा फोटो आहे."

"अगं आई गं..." मग लगेच बचाव सुरू. "पण मी कुठं म्हटलं कर म्हणून? उलट मी तिला म्हटलं, राणी, तुझ्या भुवया एक नंबर आहेत, बायका रांगा लावून अशा करून घेतात. विचार तिला! मी कौतुकच केलं."

"तुझं कौतुक ठेव तुझ्यापाशी. पोरीत तोंड सोडून दुसरं काही दिसतं का तुला? शिट्टी वाजवते ती. वादळासारखा पसारा करते. त्याचं कर कौतुक."

"वहिनी, रागावू नकोस, पण पार्लरमध्ये तू काम करतेस, का मी?"

हे नको तिथे लागलं. आणि नको तिथे लागलं की माणूस जे हाताला येईल ते फेकतो.

"मी निदान दुसऱ्याचं वाटोळं करत नाही. तू मागच्या वर्षी घरच्या घरी केस रंगवलेस तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीसारखी दिसत होतीस, विसरलीस? चार दिवस माझी ओढणी गुंडाळून फिरलीस!"

"ते पॅकेटवर तपकिरी लिहिलं होतं!" आत्या किंचाळली, आणि तिनं फोन ठेवून दिला. मागे गिऱ्हाईक हसल्याचं ऐकू आलं होतं. त्यानं जरा बरं वाटलं, पण फार नाही.

कपड्यांपाशी परत येऊन ती घड्या घालू लागली, म्हणजे कपडे आपटू लागली. तिचा राग आता एका आत्यावर मावत नव्हता. तिला राग आला होता या फॅशन नावाच्या बयेचाच. कसली ही बया! ना तोंड, ना पत्ता. आज एक सांगते, उद्या उलटं सांगते आणि कालचं आपण बोललोच नव्हतो अशी उभी राहते. पार्लरमध्ये गणिताच्या एक बाई यायच्या. त्यांचे केस जन्मजात कुरळे. तीन वर्षं त्यांनी ते सरळ करून घेतले, दर वेळी चार तास खुर्चीत बसून, धुराच्या वासात डोळे पुसत. मागच्या महिन्यात त्या येऊन म्हणाल्या, "कुरळे करून द्या, सध्या तेच चाललंय." गणिताच्या बाई, आणि त्यांना यातला हिशेब दिसला नाही! आणि हिनं मुकाट्यानं रोलर्स काढले होते. तोंड उघडायची सोय नव्हती, कारण मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या. मालकीणबाईंनी आताशा भिंतीवरचं जुनं पोस्टर उतरवलं होतं, दोऱ्याएवढ्या भुवयांच्या बाईचं, आणि त्याच्या जागी नवीन लावलं होतं: कपाळावर दोन सुरवंट झोपलेत अशी बाई. "आता नैसर्गिक चालतं," त्या म्हणाल्या होत्या, जणू निसर्गाला कामावर त्यांनीच ठेवून घेतलंय. आणि ते नैसर्गिक करायला दुप्पट वेळ लागायचा.

त्या पोस्टरखालून दिवसातून पन्नासदा जाताना तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे जायचा. तिथं काही नव्हतं. पंधरा वर्षांची असताना तिला मामेबहिणीनं खिडकीपाशी बसवलं होतं, चिमटा घेऊन. अजून थोडं, अजून थोडं, आता बघ कशी दिसतेस! आरशात एक चकित झालेली मुलगी होती. दोऱ्याएवढ्या भुवया तेव्हा सगळ्यांच्याच होत्या, म्हणून तिनं त्या आठ वर्षं तशाच राखल्या, रोज एक एक केस उपटून. मग वारं फिरलं. भुवया वाढवा, असं सगळीकडे सुरू झालं. तिनं वाढवायच्या ठरवल्या, तर मुळं रुसलेली. तेल लावलं, लोकांनी सांगितलेलं सगळं केलं, पण परत आलं नाही काही. तेव्हापासून रोज सकाळी दात घासले की गॅस पेटवायच्या आधी तपकिरी पेन्सिल. आधी भुवया, मग चहा.

पाचच्या सुमारास नवरा आला. फ्रीज दुरुस्त करायचा तो. हात काळे, डोकं थंड. त्यानं लेकीकडे बघितलं, आणि त्याला हसू आवरेना.

"हसू नकोस!"

"अगं, उगवतील की. माझी दाढी बघ, रोज काढतो, रोज हजर."

"तुझी दाढी आणि तिची भुवई एक का?"

"केस तो केस."

तो बरोबर बोलत होता, हाच तर संताप होता. रेझरनं मूळ जात नाही, दोन-तीन महिन्यांत भरून येतात, हे तिनं स्वतः कितीतरी घाबरलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. पण तिला भुवईची काळजी नव्हतीच. आज या पोरीला आपल्या तोंडात काहीतरी चुकलंय असं वाटलं. ते एकदा वाटायला लागलं की दोन महिन्यांत जात नाही. कधीकधी जातच नाही. हे त्याला कसं सांगायचं, काळे हात घेऊन हसणाऱ्या माणसाला?

"फोटोत हिला डाव्या टोकाला उभी करायला सांग आणि मान वळव म्हणावं," त्यानं उपाय सुचवला.

तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो कपड्यांचा ढीग उचलून आतल्या खोलीत निघून गेला. मोज्याचा जोडीदारही त्यालाच सापडला म्हणे.

"ये इकडे," ती भिंगरीला म्हणाली. खिडकीपाशी स्टूल ओढलं, पेन्सिलला टोक केलं. उद्या सकाळी घाईत जमणार नाही, आजच एकदा काढून बघू, जुळते का ते. "बस. हलायचं नाही. बोलायचं नाही. मी रागावलेली आहे अजून."

भिंगरी बसली.

पण रागावलेल्या हातानं भुवई काढता येत नाही. पहिली रेघ जाडजूड उमटली. ती पुसावी लागली. दुसरी वाकडी. मग तिला श्वास धरावा लागला, सोडावा लागला, अंगठ्यानं पोरीचं कपाळ हलकेच ताणून धरावं लागलं. भुवई म्हणजे एक रेघ नव्हे, ती एकेक केस काढायची असते, मुळाशी दाबून, टोकाला सोडून देत. एक, मग त्याला टेकून दुसरा. पोरीचा श्वास तिच्या मनगटावर येत होता. जी मुलगी नखं कापताना घर डोक्यावर घ्यायची ती मूर्तीसारखी बसली होती, डोळे मिटून, आणि ओठांच्या कडेला हसू दाबून.

"हसू नकोस, हलतंय."

"नाही हसत."

काम संपलं. खरी कुठे संपते आणि काढलेली कुठे सुरू होते, ते तिलाही वाकून बघावं लागलं असतं. तिनं आरसा दिला. भिंगरीनं बराच वेळ बघितलं. मग आरशातल्या स्वतःकडे बघितलं, आईकडे बघितलं, पुन्हा स्वतःकडे.

"आता माझी पण तुझ्यासारखी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पेन्सिलची."

पेन्सिलचं टोपण लावता लावता तिचा हात थांबला. "तुला आत्याच्या मोबाइलसारखी चीर नको होती?"

"नाही. चीर कशाला?" भिंगरीला तो प्रश्नच खुळचट वाटला. "मोबाइलमध्ये मी फक्त बघितलं, कशा काढून टाकायच्या ते. मी तुला म्हटलं नव्हतं का, मला पण पेन्सिलनं काढ? तर तू म्हणालीस, तुला आहेत ना, तुला कशाला. ज्यांना नसतात त्यांना काढायच्या असतात." तिनं खांदे उडवले. "मग मी एकीकडच्या नाहीशा करत होते. झाकण पडलं म्हणून राहिल्या."

असं ती कधी म्हणाली होती? कुठल्यातरी सकाळी म्हणाली असणार. दूध उतू जात असताना, बस पकडायची असताना, मागे न बघता. तिला ते आठवेना, आणि पोरीला शब्द न् शब्द पाठ होता.

सबंध दुपार तिनं आत्याला झोडपलं होतं, नवऱ्याला, मालकीणबाईंना, भिंतीवरच्या बाईला. राग अजून गेला नव्हता, गरम होता. फक्त आता तो घेऊन कुणाच्या दारात जायचं, ते कळेना.

"तुला तुझ्या आवडत नव्हत्या का?" तिनं जपून विचारलं.

"आवडत होत्या. तुझ्या जास्त आवडतात."

"अगं, या माझ्या नाहीतच. पुसून गेल्या की काही नाही तिथे."

"मग तुझ्या कुठायत?"

"गेल्या. मीच काढून टाकल्या. लहान होते."

"कशा होत्या?"

हे या घरात तिला कुणी विचारलंच नव्हतं. पोरीच्या भुवया बापावर गेल्यात असं सगळे धरून चालले होते, तीसुद्धा. तिनं स्टुलावरच्या त्या तोंडाकडे बघितलं, उजवीकडच्या त्या दाट, काळ्या, नाकाकडे झुकलेल्या रेषेकडे.

"अशाच," ती म्हणाली. "अगदी तुझ्यासारख्या."

भिंगरीनं स्वतःच्या उजव्या भुवईवरून बोट फिरवलं, मग तेच बोट आईच्या कपाळावर ठेवून पेन्सिलच्या रेघेवरून नेलं. बोटाला तपकिरी लागलं. ती त्या बोटाकडे बघत राहिली.

"आई, माझ्या तुला आवडतात ना?"

"खूप."

"मग तुझ्या का नाही आवडल्या?"