केळीआड गेलेला रस्ता

“गजरामाय, ह्या खड्डामा पानी जावाव नही. कितलाबी उपसा करा.”

गोपाल मिस्तरीने संडासाच्या शोषखड्ड्यातली सळई वर काढली. काळी माती तिला काकवीसारखी चिकटली होती.

गजराबाई ओट्यावर उभी होती. “मंग तवय कसं पी गयं व्हतं?”

गोपाल हसला. कोरीट गावच्या नव्या प्लॉटांवर सगळेच तसे फसले होते. गावठाणातली पांढरी माती सोडून लोक रस्त्याकडेच्या काळ्या मातीत घरं बांधायला आले, ते भर वैशाखात. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. गजराबाईच्या नवऱ्याने, दोधूने, खड्ड्यात पाण्याची अख्खी टाकी ओतली आणि बघता बघता ती गडप झाली. “देख गजरा, म्हैसना मायक पी ऱ्हायनी!” शेजारी बघायला जमले, खूश झाले, आणि त्यांनीही तसेच खड्डे खणले. पावसात काळी फुगते, भेगा मिटवून घेते आणि मग थेंबही घेत नाही, हे कापूस लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घर बांधताना मात्र कुणाला आठवलं नाही.

आता दोधू नव्हता. कुंदन, तिचा मुलगा, सुरतला होता. काही वर्षांपूर्वी राखीला तो बायकोला, चेतनाला, आणि लहानग्या भूमिकाला घेऊन राहायला आला, आणि त्याच रात्री संडास तुंबून घाण पाणी मोरीपर्यंत आलं. चेतनाने पहाटे नाकाला पदर लावून पोरीची बॅग तेवढी भरली. तेव्हापासून ती मंडळी यायची ती जेवून परत जायला. नात आजीच्या घरी पुन्हा झोपली नव्हती.

“उपाय सांग भाऊ,” गजराबाई म्हणाली. “मन्ही भूमिका रातले ऱ्हायनी पाहिजे.”

गोपालने अंगण न्याहाळलं. संडासाचा ओटा उंच होता, म्हणून उतार मिळत होता. पण जागा एकच होती, घराच्या पुढची. तिथली काळी काढायची, खडी, मुरूम आणि तापीची रेती भरून उंचवटा करायचा. वर केळी आणि कर्दळ, म्हणजे उरलंसुरलं पाणी ती पितील.

“पन माय, तुमनी खाट तठेच ऱ्हास. केळी वाढनी का रस्ता दिसाव नही.”

त्या खाटेवर तिची संध्याकाळ जायची. शेतातून परतणारी माणसं तिथे थबकत. “जेवनी का वं माय?” कुणी विचारी. दूधवाला ढोरांची दुखणी सांगे. समोरची धनुबाई सुनेची चहाडी करून जाई. दिवसभरात तिच्या कानावर पडणारं बोलणं ते तेवढंच.

“पोर ऱ्हायनी तं रस्ता कसाले देखू?” गजराबाई म्हणाली. “खन तू.”

कुंदन फोनवर चिडला. “माय, ह्या घरमा आते काय शे? चाल सुरतले.”

“तठे मी खिडकीमा बठी काय करसु? आठे मन्हा दरवाजा शे.”

गोपालने उंचवटा केला, केळी लावली. पाऊस आला. जमीन फुगली. गजराबाई रोज बादलीभर पाणी ओतून कान देऊन उभी राही. पाणी सरळ जाई. धनुबाईलाही तिने एकदा बोलावून दाखवलं.

“संडास देखाडाले बलावं तू माले? चहा तरी ठेव!” धनुबाई म्हणाली. दोघी हसल्या.

केळी मात्र अशी माजली, की श्रावणात रस्ता दिसेनासा झाला. हाका कमी झाल्या. केळीतून वाट काढून आत कोण येणार?

दिवाळीला गाडी आली. गजराबाईने गोधड्या उन्हात टाकून ठेवल्या होत्या, भूमिकासाठी गुलाबाच्या वासाचा नवा साबण मोरीत मांडला होता. जेवणं झाली. चेतना संडासाकडून हात पुसत आली.

“आई, एकदम छान झालं हो! आता काही अडचणच नाही.”

“मंग ऱ्हा ना आज.”

चेतनाने कुंदनकडे पाहिलं. कुंदनने घड्याळाकडे.

“माय, सकायमा भूमिकाना क्लास शे. निंघनं पडी.”

“पुढच्या वेळी नक्की, आजी,” भूमिका म्हणाली. आता ती आजीच्या खांद्याला लागत होती.

गजराबाईने होकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं ती शेजारणींना सांगत आली होती, ‘मातीच तशी शे, पोर कशी ऱ्हाई?’ सांगायला ते बरं होतं.

गाडी सुरू झाल्याचा आवाज केळीपलीकडून आला. हात कोणत्या काचेतून हलत होता, ते काही दिसलं नाही.

गोधड्यांची चळत परत कपाटात गेली. हात धुवायला ती मोरीत गेली. नवा साबण ओला होता, आणि त्याच्या कडेला भूमिकाच्या बोटांचा फेस अजून जिरला नव्हता. त्याला हात न लावता तिने नुसत्या पाण्याने हात धुतले. मग पदराच्या टोकाने धरून साबण पालथा केला आणि झिजू नये म्हणून खिडकीच्या कोरड्या कडेवर वाळत ठेवला.