मास्तरांचा ग्रह

टेलर मास्तर दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेत. बायकोला वाटे, जरा लवंडत असतील. पण ते कॉम्प्युटरवर ताऱ्यांचे आलेख बघत बसत. एका वेधशाळेने ते लोकांसाठी खुले केले होते. ग्रह ताऱ्याच्या पुढून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो आणि रेघेला खळगा पडतो. चाळीस वर्षं वाकडी शिवण पकडलेल्या नजरेला एक खळगा दिसला, बरोबर नऊ दिवसांनी परत दिसला. मास्तरांनी वेधशाळेला कळवून टाकलं.

फोन आला तो नेमका बायकोने घेतला.

"ग्रहाबद्दल बोलायचं होतं," पलीकडून बाई म्हणाली.

"आहेत तेच ग्रह निस्तरता नाकी नऊ आलेत. नवीन नको," म्हणून तिने फोन ठेवला. तीनदा.

शेवटी वेधशाळेच्या बाई स्वतः दुकानात आल्या. त्या तोंड उघडायच्या आत मास्तरीणबाईंनी खांद्याला टेप लावला. छाती, कंबर, बाही, सगळी मापं लिहून झाल्यावर बाईंना बोलायला फट मिळाली.

"मी शिवायला नाही आले. तुमच्या यजमानांनी ग्रह शोधलाय."

"यांनी? यांना नाकावरचा चष्मा सापडत नाही."

मास्तर बटणांच्या डब्यात उगाच काहीतरी शोधू लागले. कान मात्र लाल झाले होते.

"खरंच शोधलाय. तिथलं वर्ष नऊ दिवसांचं आहे."

"म्हणजे आठवड्याभरात देतो म्हणाले, की गिऱ्हाइकाचं वर्ष गेलंच. आणि माणसं आहेत का तिथे?"

"नाहीत. दगडसुद्धा वितळेल इतकं ऊन आहे."

"सुटले बिचारे," मास्तरीणबाई म्हणाल्या, पण चहा टाकायला उठल्या.

पाहुण्या बाई गेल्यावर मास्तरीणबाई पहिल्यांदाच मास्तरांशेजारी स्टूल ओढून बसल्या. मास्तरांनी हरखून आपला खळगा दाखवला. लग्नानंतर इतकं लक्ष देऊन तिने आपलं काही ऐकल्याचं त्यांना आठवेना.

"तो दिसला हो. पण या दोन खळग्यांच्या मधे हे बारीकसं काय उसवलंय? इथेही आहे बघा, आणि इथेही."

मास्तरांनी पडद्याला नाक लावलं. तीन वेळा मोजलं. मग वेधशाळेला पुन्हा कळवलं.

दुसरा ग्रह पक्का व्हायला सहा महिने गेले. तो पहिल्यापेक्षा लहान निघाला. वेधशाळेने शोधणाऱ्या दोघांची नावं एकत्र छापली, त्यात मास्तरीणबाईंचं आधी आलं. मास्तरांनी ते पान काचेत लावलं. बघायला आलेल्या प्रत्येकाला ते आपण होऊन सांगत, "छापताना चुकलंय जरा."

"काही चुकलेलं नाही," आतून आवाज येई.