साडेअकरा मीटरवर

दुपारी साडेबाराला पडद्यावरची ती उंच रेघ नाहीशी झाली.

गोकुळने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पाइपाला आवळलेला पट्टा चाचपून पाहिला, त्यातल्या हवेचा दाब पाहिला आणि पुन्हा बटण दाबलं. पट्ट्यातून रातकिड्यासारखी किरकिर निघाली, पाइपात शिरली आणि थांबली. पडद्यावर आठ मीटरचा जोड दिसला, पंधरा मीटरचा दिसला. मधे साडेअकरावर सपाट.

“काय झालं, भाऊ?” काकासाहेब म्हणाले. ते या कारखान्यातले जुने फिटर. दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता त्या तीन दिवसांत त्यांना सोबतीला ठेवलं होतं.

“सकाळी सातला हितं बोटभर रेघ होती.”

“मी पाह्यलीय की. तुम्हीच दावली.”

“आता नाय.”

काकासाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग पाइपाकडे. टाक्यांच्या आवारातून निघालेली ती सहा इंची लाईन ओट्यांवरून सरळ जात होती, कॅन्टीनसमोरच्या काँक्रीटच्या रस्त्याखाली शिरत होती आणि पलीकडे पुन्हा वर येत होती. तिच्यातून सॉल्व्हंट जायचं. पेट्रोलसारखंच, ठिणगी लागली की भडकणारं. तीन दिवसांपूर्वी ती रिकामी करून धुतली होती. उद्या सकाळी सहाला पुन्हा भरायची होती.

पट्ट्यापासून साडेअकरा मीटर म्हणजे बरोबर रस्त्याखाली. तिथून दहा पावलांवर कॅन्टीनच्या भट्ट्या.

गोकुळ अकरा वर्षं हेच काम करत होता. पाइपाला पट्टा आवळायचा आणि एक लहर सोडायची. ती पाइपाच्या अंगातून लांब जाते. वाटेत जोड, झीज, चीर, जे भेटेल त्याला धडकून थोडी माघारी येते. माघारी आलेली लहर पडद्यावर रेघ होऊन उभी राहते. खणायचं नाही, कापायचं नाही, बाहेरूनच आत काय आहे ते सांगायचं. कधीकधी यंत्र फसतं आणि जिथे काहीच नाही तिथे भुताटकीसारखी रेघ दाखवतं. त्यासाठी गोकुळचा एक नियम होता. नव्या माणसांना तो पहिल्या दिवशी तोच सांगायचा. राहतं ते खरं. येतं आणि जातं ते खोटं, ते लिहायचं नाही.

या नियमावर आजवर त्याचा एकही रिपोर्ट चुकला नव्हता.

त्याने पट्टा अर्धा मीटर सरकवला आणि पुन्हा लहर सोडली. सपाट. आवारात दुसरा माणूस नव्हता, पंखे बंद, पंप बंद. पौषातली थंडी सकाळीच ओसरली होती आणि आता ऊन चटचट लागत होतं. तेवढ्यात पाइप वाजला. कुणी आतून नखाने ठोकावं तसा, टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

“उन्हानं वाजतोय,” गोकुळ म्हणाला.

“व्हय, उन्हानंच.” काकासाहेबांनी रस्त्याकडे हात केला. “पण एक सांगू का? हसू नका. त्या रस्त्याच्या कडंला गारव्याला कुत्री पडायची. चार-पाच तरी. दिवाळीपासून एकबी बसत नाय तिथं. भाकर टाकली तर लांबूनच बघतेत.”

“साहेबांना सांगितलं?”

“कुत्र्यांचं? मला येड्यात काढायचंय का?”

गोकुळ हसला नाही. तो रस्त्यावर गेला आणि अंतर मोजून साडेअकरा मीटरवर उभा राहिला. काँक्रीट कोरडं होतं, कुठे तडा नाही, वास नाही. मग तो उकिडवा बसला आणि त्याने तळहात जमिनीवर टेकला. कुणी आपल्याकडे पाहत असावं असं त्याला वाटलं. मागे वळून पाहिलं तर काकासाहेब पाठमोरे उभे होते, बाटलीतून पाणी पीत.

तसाच तळहात त्याने एकदा बायकोच्या, सुरेखाच्या पाठीवर टेकवला होता. गेल्या उन्हाळ्यात, सकाळी. ती भाकरी करता करता थांबली होती.

“अहो, हितं, पाठीत. आतून कळ येती बघा.”

“आत्ता हाय का?”

“आत्ता गेली.”

“मंग? वाऱ्याची असंल. राहिली असती तर डाक्टरला दाखवलं असतं.”

ती पुन्हा भाकरी थापायला लागली होती. त्यानंतर तिने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा सकाळचं. दोन्ही वेळा त्याने तोच प्रश्न विचारला आणि तिने तेच उत्तर दिलं. चौथ्यांदा तिने सांगितलं नाही. भादव्यात एका पहाटे मोरीत तांब्या पडल्याचा आवाज आला. तो उठून गेला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि डोळे उघडे होते.

तेव्हापासून एखाद्या पहाटे त्याला मोरीतून पाण्याचा आवाज येतो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या वस्तीत, ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशीसुद्धा. तो उठून पाहत नाही. ऊन वर आलं की आवाज जातो.

दोनच्या सुमारास कारखान्याचा इंजिनिअर अमेय कुलकर्णी मोटारसायकलवरून आला. हातात रिपोर्टचा कोरा फॉर्म होता. वयाने गोकुळपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला नीट माणूस.

“गोकुळभाऊ, झालं ना? सही केली की मी शहरात जायला मोकळा. घरी पाहुणे बसलेत.”

“साहेब, रस्ता फोडायला लागंल.”

अमेयने हेल्मेट काढलं. “काय दिसलं?”

“सकाळी साडेअकरावर रेघ होती. आता नाय.”

“आता नाही म्हणजे?”

“गेली.”

“मग प्रश्न काय आहे? तुम्हीच मला गेल्या वर्षी सांगितलं होतं, येतं-जातं ते खोटं.”

“मी सांगितलं होतं.”

“मग?”

गोकुळने पाइपाकडे बोट केलं. “पाइप उन्हानं वाढतो. दोन्हीकडून जमिनीतल्या तुकड्याला रेटतो. चीर आसंल तर मिटत आसंल. लहर तिच्यावरून तशीच जाती मग. थंडीत परत उघडती.”

“आसंल, आसंल. असं किती वेळा पाहिलंय तुम्ही?”

“एकदाबी नाय.”

अमेयने काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेबांनी वर आभाळात पाहिलं.

“हे बघा,” अमेय म्हणाला, “हा रस्ता मागच्या मार्चमध्ये केलाय. फोडला आणि खाली काही निघालं नाही, तर वरचे लोक मला विचारतील आणि तुमच्या एजन्सीला पुन्हा या गेटातून आत घेणार नाहीत. एक शंका म्हणून.”

“उद्या सहाला लाईन भरणार. आठला कॅन्टीन पेटणार. तिथं दीडशे माणूस रांगेत उभं राहतं, साहेब.” गोकुळने त्याच्या हातातला फॉर्म मागे सारला. “मी सही करत नाय. तुम्ही दुसऱ्याची घ्या.”

अमेयने फॉर्मची घडी करून खिशात घातली. मग त्याने जवळच्या करमाडहून रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरवाल्याला बोलावलं.

चारपर्यंत खड्डा झाला. काकासाहेबांनी खाली उतरून पाइपावरची डांबरी पट्टी सुरीने सोलली आणि पाइप घासून चकचकीत केला. गोकुळने त्यावर लाल रंग फवारला, थांबला, फडक्याने पुसला आणि वरून पांढरी भुकटी मारली. चीर असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग भुकटीत उमटतो. तिघेही वाकून पाहत राहिले.

पांढरं ते पांढरंच राहिलं.

“झालं समाधान?” अमेय म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “बुजवायला सांगतो.”

“सहापर्यंत थांबा.”

“गोकुळभाऊ, तुमच्यावर वाईट वेळ येऊन गेली, मला माहितेय. पण घरचं इथं—”

“सहापर्यंत,” गोकुळ म्हणाला. “मंग मीच घमेलं उचलतो.”

तो खड्ड्यातून वर आला नाही. मातीला पाठ लावून पाइपासमोर बसून राहिला. ऊन रस्त्यावरून सरकलं, कॅन्टीनच्या भिंतीवर चढलं आणि गेलं. गार वारा सुटला. पाइप वाजायला लागला. आता आवाज लांबून जवळ येत होता, टाक्यांकडून एकेक ओटा ओलांडत, टक्, टक्. काकासाहेब वर खड्ड्याच्या काठापाशी उभे होते. त्यांनी कानटोपी घातली आणि एक पाऊल मागे सरकले. शेवटचा टक् गोकुळच्या समोर झाला, अगदी तोंडासमोर, आणि मग सगळं शांत.

त्याने भुकटी पुसली. लाल रंग मारला, दहा मिनिटं थांबला, पुसला, पुन्हा पांढरं फवारलं. बॅटरीचा उजेड टाकला.

आधी एक ठिपका आला. मग त्याच्याशेजारी दुसरा. मग पाइपाच्या अंगावर केसासारखी लाल रेघ हळूहळू सरकत गेली, खालच्या अंगाला वळली आणि पाइपाला निम्मा वेढा घालून थांबली. तिच्याजवळ वाकलं की आत मुरलेल्या सॉल्व्हंटचा गोडसर, डोकं चढवणारा वास येत होता.

अमेयने खाली उतरून पाहिलं आणि तो वर गेला. त्याचा फोनवरचा आवाज ऐकू यायला लागला, नाही सर, उद्या नाही, मी स्वतः पाहिलंय सर. काकासाहेब रस्त्याला आडव्या दोऱ्या बांधायला गेले.

गोकुळ एकटाच राहिला. त्याने रेघेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला, खडूने वेळ लिहिली. मग बॅटरी बाजूला ठेवली आणि पाइपावर तळहात टेकला. लोखंड गार पडलं होतं.

“दिसलं,” तो हळूच म्हणाला. “दिसलं मला.”

“कुणाशी बोलताय, भाऊ?” वरून काकासाहेबांनी विचारलं.

“कुणाशी नाय,” गोकुळ म्हणाला, आणि वर यायला त्याने हात मागितला.