चिठ्ठीत निघालेल्या बाई

ऑर्लीनला नुसतं उभं राहण्याचा जाम वैताग आला होता. ती जमैकाहून समुद्रापलीकडच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या सिन्सेलेहोच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली आहे, असं तिच्या आईला वाटत होतं. प्रत्यक्षात इंग्रजीच्या योलीमाबाई फळ्यावर शब्द लिहायच्या, खडूने खूण करायच्या, ऑर्लीन तो शब्द म्हणायची आणि अख्खी नववी ब तिच्यामागून बोंबलायची. झालं काम! पुढची खूण होईपर्यंत भिंतीला पाल चिकटते तसं चिकटून राहायचं.

"सेन्यो, आज रेडिओवर गाणी नाहीत का हो?" पहिल्या बाकावरची युलिएत विचारायची. या किनाऱ्यावर शिक्षिकेला सगळे सेन्योच म्हणतात. रेडिओ म्हणजे अर्थातच ऑर्लीन.

"मला आठवड्यातून एकच तास द्या," ती योलीमाबाईंना म्हणाली होती. "नुसत्या गप्पा मारू. मुलं बोलायला लागतील."

"बघू," बाई म्हणाल्या. त्या 'बघू'ला महिना होत आला होता. ऑर्लीनची बॅग कॉटखाली अजून अर्धी भरलेलीच होती. सप्टेंबर संपेपर्यंत तास मिळाला नाही, तर सरळ घरी निघायचं, हे तिनं पक्कं केलं होतं.

अशातच एका दुपारी स्टाफरूममध्ये खेळाचे एवर सर टोपीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या घेऊन फिरू लागले. जो तो चिठ्ठी उचलून किंचाळत होता. ऑर्लीननंही उचलली. आत लिहिलं होतं, योलीमा बारासा.

"आता ही बाई तुझी," एवर चिठ्ठीत डोकावून तिच्या कानाशी पुटपुटले. "तिच्यावर नीट लक्ष ठेव. काय आवडतं, काय नाही, सगळं शोधून काढ. तिला पत्ता लागता कामा नये हं! आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगायचं."

सप्टेंबर हा मैत्रीचा महिना, आणि ज्याचं नाव निघेल त्याच्या टेबलावर आठवडाभर चोरून गोड ठेवायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते वेगळं सांगावं लागेल, हे एवरना सुचणार तरी कसं? आणि ऑर्लीनच्या जमैकातल्या शाळेत नवे शिक्षक जुन्यांच्या वर्गात बसून शिकायचे, मग चारचौघांत बोलायचे. तिला वाटलं, चला, शेवटी कुणीतरी काम दिलं!

दुसऱ्या दिवसापासून ती योलीमाबाईंच्या प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकावर ठाण मांडून बसली. डोळे बाईंवर खिळलेले. मधल्या सुट्टीत बाई कँटीनला, ही कँटीनला. बाई जिन्यात, ही जिन्याखाली. बाईंच्या हातातले खडू पटापट मोडू लागले. त्या रोज कडक इस्त्रीचा ब्लाउज घालून येऊ लागल्या आणि एकच शब्द दोनदा पुसू लागल्या.

"तुला काही हवंय का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही. मी फक्त बघतेय."

"काय बघतेयस?"

"ते सांगता येणार नाही."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

तिकडे ऑर्लीनच्या टेबलावर रोज पेरूची वडी असायची. कँटीनवाले सगळ्यांनाच वाटत असतील, असं समजून ती मजेत खायची.

शुक्रवारी सकाळी युलिएत तिला गेटवरच भेटली. "सेन्यो, ऐकलंत का? योलीमाबाई ज्याच्या वाट्याला आल्या, तो मेला महाकंजूष! अख्ख्या आठवड्यात एक चॉकलेट नाही. सगळ्यांची टेबलं कशी भरलीयत, आणि त्यांचं रिकामं!"

"कसलं चॉकलेट?" ऑर्लीननं विचारलं.

युलिएतनं सांगितलं.  ऑर्लीन समोरच्या टपरीवर धावली, तर तिथे थंड पाण्याच्या पिशव्या आणि खारे वेफर. घंटा झाली. आता कसला तास अन् कसलं काय!

स्टाफरूममध्ये एकेक जण उठून आपल्या मित्राचं वर्णन करत होता, बाकीचे नाव ओळखत होते, मग मिठ्या, मग टाळ्या. ऑर्लीनची पाळी आली. 

"माझ्या चिठ्ठीत योलीमाबाई निघाल्या," ती म्हणाली. "मी त्यांना काहीच दिलं नाही. नुसती बघत बसले. मला वाटलं, तेच काम आहे."

एवर इतके हसले की खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले. योलीमाबाई मात्र हसल्या नाहीत.

"म्हणजे तुला मुख्याध्यापकांनी नव्हतं पाठवलं? माझं इंग्रजी तपासायला?"

"नाही हो!"

"आठवडाभर माझी झोप उडवलीस, पोरी." बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय दिसलं ते आता सांग. शुक्रवारी सांगायचंच असतं."

 ऑर्लीनला पळून जावंसं वाटलं. "तुम्हाला कॉफीत तीन चमचे साखर लागते," ती म्हणाली. "पेरू आवडत नाही. आणि... वर्गात जाण्याआधी तुम्ही जिन्यात उभ्या राहून अख्खा धडा इंग्रजीतून बोलता. मी खाली होते. सगळं बरोबर असतं. मग वर्गात का नाही बोलत?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कुणीतरी खोकलं. आपण आता आणखी एक खड्डा खणला, असं ऑर्लीनला वाटलं.

"सोमवारी," योलीमाबाई पर्स उचलत म्हणाल्या, "नववी 'ब'चा शेवटचा तास तुझा. मी येणार नाही. आणि पुन्हा जिन्याखाली दिसलीस तर तंगडं मोडीन!"

मिठी न मारताच त्या निघून गेल्या. बाई चिडल्या की काय, हे कुणालाच कळेना. एवरनी दुसऱ्याचं नाव पुकारलं, टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. ऑर्लीन खाली बसली, लगेच उठली, खिडकीशी गेली, परत आली. तास तर मिळाला होता. चाळीस पोरं समोर, फळ्यावर शब्द नाहीत, खूण करणारा खडू नाही. एवढा वेळ ती त्यांच्याशी बोलणार तरी काय होती?