दहा सेकंद मागे

मानवी आवाज ही ईश्वराने माणसाला दिलेली सर्वांत पवित्र देणगी आहे, असं अभिमननाना पाटील यांचं ठाम मत होतं. फक्त ती पुस्तकं वाचून दाखवणाऱ्यांना द्यायला नको होती.

"थुंकी गिळी त्यानी," नाना म्हणाले. "ऐकं का? गटक."

"ऐकू दे ना भो," झुलालआबा म्हणाले.

धुळ्यात, देवपुरातल्या आबांच्या व्हरांड्यात दुपारी साडेतीनला हे चाललं होतं. आवाज मोठा यावा म्हणून आबांच्या सुनेने, दिपमालाने, फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून ठेवला होता. त्या पातेल्यातून एक पुण्याकडचा गृहस्थ कापूस पिंजणाऱ्या जिनिंगमधल्या एका मुकादमाची कादंबरी वाचत होता. सकाळी ज्या पातेल्यात वरण होतं, त्याच पातेल्यातून दुपारी साहित्य ऐकायचं, याचीही नानांना किळस येत होती. पण ती तक्रार त्यांनी राखून ठेवली होती. आधी गृहस्थाविषयीच्या तक्रारी संपायला हव्या होत्या.

मुकादम पारोळ्याचा होता. पुस्तकात तसं स्वच्छ छापलेलं होतं. वाचणाऱ्याने मात्र त्याच्या तोंडी साताऱ्याकडची भाषा घातली होती, कारण खेडूत म्हटला की तो तिकडचाच, अशी या लोकांची समजूत.

"हाऊ मानूस पारोळाना शे," नाना म्हणाले. "पारोळामा कोन बोलस आसं? यानी पारोळा नकाशामा दखेल व्हई. तोबी घडी करेल नकाशा."

आबांनी कान पातेल्याकडे नेला. त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी डोळे मिटून घेतले की मिटले नाहीत याने फरक पडत नसे, तरी त्यांनी मिटून घेतले.

आबा बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर गेली. त्याच सुमारास नाना एसटीतून निवृत्त झाले. चाळीसगाव, पारोळा आणि शेवटी धुळे अशी एकतीस वर्षं त्यांनी वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत माइकसमोर काढली होती. "प्रवाशांनी लक्ष द्यावं" हे तीन शब्द त्यांनी जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा कोणी देवाचं नाव घेतलं नसेल. पुढे स्थानकावर त्यांच्या जागी एका बाईचा आधीच टिपून ठेवलेला आवाज आला. तो आवाज ऐकायला नाना एकदाच गेले. बाई गाडी सुटत असल्याचं आनंदाने सांगत होती. गाडी सुटण्यात आनंद कसला, हे त्यांना कळलं नाही.

मग ते आबांना वाचून दाखवू लागले. रोज तीन ते पाच. सहा वर्षांत एकोणीस पुस्तकं झाली. विसावं हे मुकादमाचं. दिवाळीत दिपमालाने आबांच्या फोनमध्ये पुस्तकं ऐकायचं ॲप घातलं, तेव्हा नाना एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर होते. खूण म्हणून त्यांनी तिथे धुळे–पारोळा असं एसटीचं तिकीट ठेवलं होतं. तेच पुस्तक ॲपमध्ये निघालं, आणि पातेल्यातल्या गृहस्थाने ते पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हापासून नाना रोज यायचे ते नुसते ऐकायला. मधेमधे दुसऱ्या पुस्तकांचे तुकडे लावून त्यांनी सगळे वाचणारे तपासून पाहिले. एक बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी असा सुस्कारा टाकायची, की वाक्य तिच्याच्याने उचललं जात नाहीये असं वाटावं. एक गृहस्थ पहिल्या पानापासून रडायला तयार होता. माणसं मरायला अजून दोनशे पानं होती. एकजण बायकांचे संवाद आले की आवाज बारीक करायचा, त्यामुळे तीन मुलांची आई आणि तिची सर्वांत धाकटी मुलगी यांना एकच घसा होता. एकाच्या मागे बासरी होती. ती बंद करायची सोय नव्हती.

"नाना, तिथे अभिप्राय लिहिता येतो," दिपमालाने एकदा सांगितलं. घरात कटकट होण्यापेक्षा ती कंपनीला झालेली बरी, असा तिचा विचार असावा. नानांनी चौदा अभिप्राय दिले, प्रत्येकी एक तारा. शून्याची सोय नव्हती. कंपनीकडून चौदा वेळा एकच उत्तर आलं: आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, ऐकत राहा.

त्या दिवशी पाच वाजता पातेलं थांबलं, तेव्हा मुकादम घरच्या निरोपाची वाट पाहत फाटकाशी उभा होता. नानांनी पिशवीतून पुस्तक काढून चाळलं. पान एकशे सत्तेचाळीस. उद्या हा थुंकी गिळणारा माणूस तिकिटाच्या पुढे जाणार होता. त्यानंतर आबांना पुस्तकात काय आहे ते नानांइतकंच माहीत असणार होतं, आणि वाचून दाखवायला काही उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाना दाढी करून आले.

"आज मी वाचसू," ते म्हणाले. "आधी त्याले वाचू दे एक पान. मंग मी तेच वाचस. तू ठरव."

"परीक्षा शे का?" आबांनी विचारलं.

"परीक्षाच समज."

आबांना ते आवडलं. दिपमाला चहा घेऊन आली होती, तीही थांबली. परीक्षा म्हटल्यावर पुरावा हवा, म्हणून तिने स्वतःच्या फोनवर टिपून घ्यायची तयारी केली. पातेल्याने एक पान वाचलं. त्यात मुकादमाला आई वारल्याचं कळतं आणि तो जिनिंग सोडून निघतो. गृहस्थाने दोनदा हुंदका दिला आणि एकदा थुंकी गिळली. नानांनी तोंड वाकडं केलं, घसा साफ केला आणि वाचायला घेतलं.

वाचून झाल्यावर आबा मान खाजवू लागले.

"बोल ना," नाना म्हणाले.

"मी काय सांगू," आबा म्हणाले. "तू दर वाक्य दोनदा वाचस."

"कोन, मी?"

"तू."

"काही बी."

"पहिलेपासून वाचस, भो."

नानांनी दिपमालाकडे पाहिलं. दिपमाला चहाच्या कपांकडे पाहत होती. मग तिने स्वतःचा फोन पातेल्यात ठेवला.

पातेल्यातून एक म्हातारा माणूस बोलू लागला. "मुकादमाची आई पहाटे वारली. मुकादमाची आई पहाटे वारली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याने मागे वळून पाहिलं नाही. जिनिंगचं फाटक बंद झालं. जिनिंगचं फाटक बंद झालं." प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द फलाट क्रमांकासारखा लांबवलेला होता. आई वारली हे ऐकताना ती रद्द झाल्यासारखी वाटत होती. मधे एकदा त्या माणसाने थुंकीही गिळली.

एकतीस वर्षं नानांचा आवाज कर्ण्यातून बाहेर जात होता आणि ते आत बसलेले असत. तो बाहेरून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. स्थानकावर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावीच लागते, पहिल्यांदा प्रवासी "काय म्हणाला?" असं शेजाऱ्याला विचारतो आणि दुसऱ्यांदा ऐकतो. यात चूक काहीच नव्हती. पण पातेल्यातला म्हातारा इतका रटाळ, इतका कोरडा आणि स्वतःवर इतका खूश होता, की नानांनी खुर्ची मागे सरकवली. चौदा अभिप्रायांत असा माणूस त्यांना भेटला नव्हता.

"बंद कर बेटा," ते म्हणाले. "बंद कर."

दिपमालाने बंद केलं.

"सहा वरीस सांगं काब्र नही मंग?" नानांनी आबांना जाब विचारला.

"माले कोठे गाडी धरनी व्हती?"

एकोणीस पुस्तकं झाली होती. सरळ वाचली असती तर अडतीस व्हायला हवी होती. नानांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि चहा न घेता निघाले.

घरी त्यांनी बायकोला, प्रमिलाबाईंना, झाला प्रकार सांगितला. प्रमिलाबाई गवार मोडत होत्या. त्यांना नवल वाटलं नाही.

"घरात बी तेच करतस तुम्ही," त्या म्हणाल्या. "मीठ कमी शे, मीठ कमी शे. पंखा बंद कर, पंखा बंद कर."

"मंग तू बी सांगं नही?"

"मी एकदाच ऐकस."

आठ दिवस नाना देवपुराकडे फिरकले नाहीत. घरात फार बोललेही नाहीत. एक गोष्ट बोलून झाली की तोंड मिटायचं आणि दहा आकडे मोजायचे, असा त्यांनी सराव लावला. भाजीवाल्याने "काय नाना, तब्येत बरी नाही का?" असं विचारलं. नाना "बरी आहे" म्हणाले आणि आकडे मोजत पुढे गेले.

नवव्या दिवशी दिपमालाचा फोन आला.

"नाना, येऊन जा हो. आबांनी डोकं खाल्लं माझं."

"काय झालं?"

"तुम्ही वाचलं होतं तिथपर्यंत कळलं, पुढचं पुस्तक कळत नाही म्हणे त्यांना. म्हणता, मशीन एकदाच सांगतं अन् पुढे निघून जातं, ध्यानात राहत नाही. प्रत्येक वाक्य परत पाहिजे त्यांना. मागे जायचं बटण आहे, दहा सेकंद मागे जातं. पण दिसत नाही ना, काच सगळी गुळगुळीत, बोट भलतीकडेच पडतं. काल दुसरंच पुस्तक लागलं, श्रीमंत कसं व्हायचं ते. अर्धा तास ऐकत बसले. मला म्हणता, मुकादमाने शेअर घेतले."

नानांना हसू आलं, ते त्यांनी आकडे मोजून दाबलं.

"तू बसून दाब ना बटण."

"माझ्या शिकवण्या असतात दुपारी. अन् ते म्हणता, दिपमाला घाईत दाबते."

नाना तीन वाजता गेले. जाताना पुस्तक नेलं नाही. तिकीट मात्र पुस्तकातून काढून खिशात ठेवलं होतं. त्याचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. आबा व्हरांड्यात पातेल्यासमोर बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं आणि खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बठ."

नाना बसले. दिपमालाने मुकादम शोधून लावून दिला, कोणतं बटण ते दाखवलं आणि ती शिकवणीच्या मुलांकडे आत गेली. गृहस्थ म्हणाला, फाटकाबाहेर रस्त्यावर कोणीच नव्हतं. आबांनी मान थोडी कलती केली. नानांनी पातेल्यात बोट घालून काच दाबली. गृहस्थ परत म्हणाला, फाटकाबाहेर रस्त्यावर कोणीच नव्हतं. आबांची मान सरळ झाली.

"आते समजनं," ते म्हणाले.

असं पाचपर्यंत चाललं. मधे एकदा नाना म्हणाले, "थुंकी गिळी त्यानी." आबा म्हणाले, "परत दाब." त्यांनी दाबलं. गृहस्थाने ती परत गिळली.

पुस्तक अजून सात तासांचं शिल्लक आहे. त्यांना चौदा लागतील.