सीटखालची तार

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची तार आहे. करंगळीहूनही बारीक. माझ्या अंगावरचं काळं आवरण एका जागी वितळलं आहे. ते कसं, तेवढं सांगते.

वारज्याच्या माधव शितोळे यांच्या शाळेच्या व्हॅनमध्ये मी कामाला होते. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असे. इंजिनाबरोबर अल्टरनेटर फिरे आणि वीज तयार करी. ती वीज बॅटरीपर्यंत पोचवायची, हे माझं काम. दिवे, हॉर्न, वायपर, एवढाच संसार. तो मी बरीच वर्षं निगुतीनं चालवला.

पुढे कोथरूडला नव्या कंपन्यांतली माणसं राहायला आली. त्यांच्या मुलांसाठी पंख्यांच्या, गाण्यांच्या गाड्या आल्या. माधवरावांची मुलं एकेक करून तिकडे जाऊ लागली, तेव्हा त्यांनीही पंखे, सीडी प्लेअर आणि जास्तीचे दिवे बसवले. झालं, बॅटरी उतरू लागली. सकाळी व्हॅन ढकलावी लागे. मुलांना मजा वाटे, पालकांना नाही.

मग गॅरेजवाल्या उत्तरेश्वरांनी मोठा अल्टरनेटर बसवला. मला चिमटीत धरून ते म्हणाले, "माधवराव, ही पण बदला. जाड टाका, मध्ये फ्यूज द्या."

"अहो, चालतेय की चांगली. आणि दिसतेय कुणाला?"

"काळजाच्या शिरा पण दिसत नाहीत. तुमच्या बऱ्या आहेत ना?"

"तुम्ही गाडीचं बघा. माझा डॉक्टर वेगळा आहे."

मी तशीच राहिले.

पंखे भरारा फिरू लागले. मुलं टिकली. जो तो नव्या अल्टरनेटरचं कौतुक करी. त्याची सगळी वीज माझ्यातूनच जाई आणि मी तापत असे. माझ्या अगदी वरच्या सीटवर बालवाडीतली स्पृहा बसायची. तिचे पाय खाली टेकत नसत.

"काका, सीट गरम लागते," ती एकदा म्हणाली.

"अगं, खाली इंजिन आहे. थंडीत बरं वाटेल बघ."

नवरात्र आलं. माधवरावांच्या पत्नी कौशल्याबाई नऊ दिवस अनवाणी राहत. खंडेनवमीला माधवराव गाडी धुऊन, इंजिन, पंखे, दिवे, गाणी, सगळं चालू ठेवून दारात घेऊन आले. बाईंनी समोर हार घातला, चाकांवर कुंकू लावलं.

"झालं ना? चला, नारळ फोडू."

"आधी सीट उचला."

"आता तिथे काय?"

"तोंडाला हार आणि राबणाऱ्या हातांना काहीच नाही? उचला तुम्ही."

सीट उचलली गेली. बाईंनी अल्टरनेटरला हळद लावली, बॅटरीला लावली आणि माझ्यावर बोट टेकवलं. बोट चिकटलं. ओढून घेतलं, तर हळदीच्या बोटाला काळं लागलं होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"अहो, हे करपतंय."

माधवरावांनी इंजिन बंद केलं आणि वाकून पाहिलं. आवरण सुटलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. गाडीच्या लोखंडाला टेकायला बोटभरही अंतर उरलं नव्हतं. टेकलं असतं तर तिथेच ठिणगी, तिथेच आग.

"इथे वर कोण बसतं हो?" बाईंनी हळूच विचारलं.

माधवरावांनी बॅटरीची जोडणी सोडवली, नारळ तसाच ठेवला आणि चालत उत्तरेश्वरांना आणायला गेले.

उत्तरेश्वरांनी सीटखाली पाहिलं, मग माधवरावांकडे. "काय, दिसली का?"

माधवरावांनी मान खाली घातली. "जाड टाका. फ्यूजही द्या. ती पोर बसते हो इथे."

नारळ त्यानंतर फुटला.

मित्रांनो, घरात, गाडीत नवी वस्तू आली की तिला हार घाला, कौतुक करा. पण तिचा भार कोण वाहणार आहे, तेही एकदा वाकून पाहा. आम्हाला ओरडता येत नाही.

मला कौशल्याबाईंनी टाकलं नाही. गॅलरीच्या गजांना त्यांनी माझ्यानं जाईचा वेल बांधला आहे. एवढा भार मला झेपतो. पहाटे स्नान करून त्या फुलं खुडतात. एक ओंजळ देवाला जाते. एक फूल बाजूला ठेवतात, ते माधवराव नेतात आणि मुलं यायच्या आधी सीट उचलून आत नव्या तारेपाशी ठेवतात.